सोळा गोल, एकही पेनल्टी नाही: मिरोस्लाव क्लोझेची कारकीर्द कशी वाचायची

८ जुलै २०१४, बेलो होरिझोन्ते. विश्वचषकाचा उपांत्य सामना, यजमान ब्राझील विरुद्ध जर्मनी. २३व्या मिनिटाला टोनी क्रूसने चेंडू थॉमस म्युलरकडे दिला आणि म्युलरने तो हलकेच क्लोझेकडे सरकवला. क्लोझेचा पहिला फटका गोलकीपर जुलिओ सेझारने अडवला. चेंडू उसळून परत क्लोझेपाशीच आला आणि दुसऱ्या फटक्याला जाळ्यात गेला. स्कोअर २-०. पुढे तो सामना ७-१ असा संपला, त्यामुळे या गोलची चर्चा थोडी मागे पडली. पण विश्वचषकातला हा क्लोझेचा सोळावा गोल. ब्राझीलच्या रोनाल्डोचा पंधरा गोलांचा विक्रम त्याने मोडला, तोही ब्राझीलमध्ये, ब्राझीलविरुद्ध.

आता हा गोल कोणाला दाखवला तर पहिली प्रतिक्रिया ठरलेली: ‘यात काय मोठं? आयता तर मिळाला चेंडू.’ क्लोझेच्या बहुतेक गोलांबद्दल असंच बोललं जातं. विश्वचषकातले त्याचे सोळाच्या सोळा गोल पेनल्टी बॉक्सच्या, म्हणजे गोलसमोर आखलेल्या मोठ्या चौकटीच्या आतून झाले. तीस मीटरवरून मारलेला फटका नाही, चार जणांना चकवून काढलेली धाव नाही, फ्री किक नाही. पेनल्टीही एक नाही. मग हा माणूस जर्मनीचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू कसा झाला? याचं उत्तर ‘आयता’ या शब्दातच आहे. चेंडू आयता मिळण्यासाठी आधीचे दोन-तीन सेकंद काय करावं लागतं, ते समजलं की क्लोझे समजतो.

वीस वर्षांचा सुतार

क्लोझेचा जन्म ९ जून १९७८चा, पोलंडमधल्या ओपोले शहरातला. वडील योसेफ व्यावसायिक फुटबॉलपटू, आधी ओड्रा ओपोले आणि नंतर फ्रान्समधल्या ओसेर क्लबकडून खेळलेले. आई बार्बारा पोलंडच्या राष्ट्रीय हँडबॉल संघात. १९८६ मध्ये कुटुंब पश्चिम जर्मनीत कुझेल या छोट्या गावी आलं. क्लोझे तेव्हा आठ वर्षांचा होता आणि जर्मन भाषा त्याला जवळजवळ येतच नव्हती.

इथून पुढचा प्रवास आजच्या खेळाडूंपेक्षा अगदी वेगळा आहे. आज मोठ्या क्लबांच्या अकादमीत मुलं दहाव्या-बाराव्या वर्षी दाखल होतात आणि अठराव्या वर्षी कोण पुढे जाणार याचा अंदाज आलेला असतो. क्लोझे वीस वर्षांचा होईपर्यंत ब्लाउबाख-डीडेलकोप्फ या गावच्या संघातून खेळत होता. हा संघ जर्मन फुटबॉलच्या सातव्या स्तरावरचा. जोडीला त्याने सुतारकामाचं रीतसर प्रशिक्षण घेतलं. इमारतींची लाकडी छपरं उभारणारे सुतार असतात, त्या प्रकारचं. १९९८ मध्ये होम्बुर्ग, १९९९ मध्ये कायझर्सलाउटर्न आणि एप्रिल २००० मध्ये बुंडेसलीगात पदार्पण. गावच्या मैदानापासून देशाच्या अव्वल लीगपर्यंत दोन वर्षं.

नशिबाचा भागही होता. युरो २०००मध्ये जर्मनी साखळीतच बाहेर पडली होती आणि संघाला गोल करणारा माणूस हवाच होता. एरवी बुंडेसलीगात जेमतेम एक वर्ष काढलेल्या खेळाडूला राष्ट्रीय संघाचं दार इतक्या लवकर उघडलं नसतं.

त्याच सुमारास पोलंडचे प्रशिक्षक येझी एंगेल यांनीही त्याला विचारलं होतं. क्लोझेने नकार दिला. इथे एक नियम लक्षात घ्यायला हवा. दोन देशांशी नातं असलेला खेळाडू एका देशाच्या वरिष्ठ संघाकडून अधिकृत स्पर्धेचा सामना खेळला, की त्या काळात परतीची वाट बंद होत असे. मैत्रीपूर्ण सामन्याने असं होत नसे. पात्रता फेरीच्या सामन्याने होत असे. २४ मार्च २००१ला लेव्हरकुझेनमध्ये अल्बानियाविरुद्ध विश्वचषक पात्रतेच्या सामन्यात क्लोझे बदली खेळाडू म्हणून उतरला, तेव्हा हा प्रश्न कायमचा मिटला. सामना १-१ असा अडकला होता. ८८व्या मिनिटाला क्लोझेने हेडरवर, म्हणजे डोक्याने चेंडू मारून, विजयी गोल केला. चार दिवसांनी अथेन्समध्ये ग्रीसविरुद्ध आणखी एक.

२००२: पाच गोल, पाचही डोक्याने

त्या विश्वचषकाआधीच इशारा मिळाला होता. फेब्रुवारीत इस्रायलविरुद्ध हॅटट्रिक (एकाच सामन्यात तीन गोल), मे महिन्यात ऑस्ट्रियाविरुद्ध हॅटट्रिक. १ जूनला जपानमधल्या सप्पोरोत सौदी अरेबियाविरुद्ध तिसरी, जर्मनीचा ८-० असा विजय. मग आयर्लंडविरुद्ध एक आणि कॅमेरूनविरुद्ध एक. पाच गोल झाले आणि पाचही वेळा चेंडूला शेवटचा स्पर्श कपाळाचा होता.

क्लोझे काही ताडमाड उंच नव्हता; उंची सहा फुटांच्या आसपास. त्याच्यापेक्षा उंच बचावपटू त्याला प्रत्येक सामन्यात भेटायचे. तरी हेडर तोच जिंकायचा, कारण उंचीइतकंच महत्त्व वेळेला आहे. ते कसं, हे जरा सावकाश पाहू.

समजा बाजूच्या रेषेजवळून कोणी क्रॉस मारला, म्हणजे चेंडू गोलसमोर उंच पाठवला. चेंडूला तीस मीटर कापायचे आहेत आणि वेग सेकंदाला वीस मीटर धरला, तर हवेत त्याला दीड सेकंद लागतो. दीड सेकंदात आधीच वेगात असलेला खेळाडू आठ-दहा मीटर पुढे जातो. उभा असलेला खेळाडू त्याच्या निम्मंही जात नाही. म्हणजे क्रॉस निघण्याच्या क्षणी स्ट्रायकर (गोल करण्यासाठी सर्वात पुढे खेळणारा) गोलसमोर जाऊन उभा असेल तर तो चुकलाच. त्याला मागून धावत येऊन चेंडूला वाटेत गाठता आलं पाहिजे. धावत येणारा एका पायावर उडी घेतो आणि पुढे येण्याचा वेग उडीत वापरतो. उभा असलेला बचावपटू दोन पायांवर, जागच्या जागी उडतो. त्याला तेवढी उंची मिळत नाही आणि चेंडूवर जोरही मिळत नाही.

दुसरी गोष्ट, बचावपटूची नजर. माणसाला एका वेळी एकाच दिशेला नीट पाहता येतं. चेंडू उजव्या बाजूला असेल आणि स्ट्रायकर डावीकडे, पाठीमागे सरकला, तर बचावपटूला दोघं एकत्र दिसत नाहीत. त्याला मान वळवावी लागते. मान चेंडूकडे वळली की स्ट्रायकर निघतो. क्लोझेचं हे ठरलेलं काम होतं: आधी बचावपटूच्या पाठीमागे नजरेआड जायचं, एक-दोन पावलं लांबच्या खांबाकडे टाकून त्याला मागे ओढायचं आणि चेंडू सुटायच्या क्षणी त्याच्या समोरून आत घुसायचं. किंवा उलट. टीव्हीवर आपल्याला शेवटची उडी तेवढी दिसते, कारण कॅमेरा चेंडूच्या मागे असतो.

आता प्रत्यक्ष डोकं. चेंडू कपाळाच्या सपाट भागावर, केसांच्या रेषेच्या खाली घ्यायचा. डोळे उघडे. हात बाजूला पसरलेले. उडीचा तोल त्यांच्यावर असतो, पण कोपर समोरच्याला लागलं तर फाऊल. कमरेतून मागे जाऊन धड पुढे झोकायचं आणि मान ताठ ठेवायची. मान सैल राहिली की चेंडूचा जोर कपाळ खातं आणि फटका मरतो. दिशा शक्यतो खाली, गोलरेषेच्या अलीकडे टप्पा पडेल अशी. गोलकीपरला वर हात नेणं सोपं जातं, खाली झुकायला वेळ लागतो आणि टप्पा पडलेला चेंडू कुठे उसळेल हे त्याला आधी सांगता येत नाही.

चुका कुठे होतात? सर्वात जास्त चूक लवकर उडण्याची. खेळाडू वर जाऊन खाली यायला लागतो तेव्हा चेंडू पोहोचतो, मग तो टाळूला लागून बारवरून जातो. दुसरी, ऐन वेळी डोळे मिटण्याची. तिसरी चूक धाव सरळ काढण्याची. सरळ धावेत चेंडू बाजूने येतो आणि नुसता चाटून जातो. थोडी वळणदार धाव घेतली तर शेवटच्या पावलाला छाती गोलकडे आणि चेंडू समोर, असं अंग जुळतं.

२००२ मध्ये क्लोझेला चेंडू पुरवणाऱ्यांत मुख्य नाव मिशाएल बलाकचं. आयर्लंडविरुद्धचा गोल त्याच्याच लांब पासवर, बचावफळीच्या मागे धावून, डोक्याने केलेला. ही जोडी विसरून चालत नाही. क्रॉस कधी सुटणार हे ज्याला कळतं त्यालाच धाव कधी काढायची हे कळतं, आणि ते एकत्र खेळून खेळूनच येतं.

एक गोष्ट मात्र झाकू नये. पाचही गोल साखळी फेरीतले. बाद फेरीच्या चारही सामन्यांत क्लोझे कोरा राहिला आणि योकोहामातली अंतिम लढत ब्राझीलने २-० अशी जिंकली. दोन्ही गोल रोनाल्डोचे.

गोलकिकवरून थेट गोल: ऑफसाइडची खाच

ऑफसाइड हा फुटबॉलमधला सर्वात जास्त भांडणं लावणारा नियम. स्ट्रायकरची अर्धी हुशारी याच नियमाच्या कडेवर चालण्यात असते, म्हणून तो थोडक्यात. आपल्या साथीदाराने चेंडू खेळला त्या क्षणी तुम्ही प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्या मैदानात असाल, चेंडूच्या पुढे असाल आणि प्रतिस्पर्ध्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे असाल, तर तुमची जागा ऑफसाइडची. गोलकीपर जागेवर असला तर शेवटून दुसरा म्हणजे शेवटचा बचावपटू. बरोबरीत असाल तर चालतं. हात मोजत नाहीत. डोकं, धड, पाय मोजतात. नुसतं तिथे उभं राहणं गुन्हा नाही, त्या जागेवरून खेळात भाग घेणं गुन्हा.

आणि तीन प्रसंगी हा नियम लागूच होत नाही: थ्रो-इन, कॉर्नर आणि गोलकिक (हल्ला करणाऱ्यांकडून चेंडू गोलरेषेबाहेर गेल्यावर बचाव करणारा संघ गोलजवळून मारतो ती किक). चेंडू यांतून थेट आला असेल तर तुम्ही कुठेही उभे राहा.

२७ जून २०१०, ब्लूमफोंटेन, इंग्लंडविरुद्ध. २०व्या मिनिटाला जर्मन गोलकीपर मानुएल नॉयरने लांब गोलकिक मारली. इंग्लंडचे दोन मध्य बचावपटू, जॉन टेरी आणि मॅथ्यू अपसन. टेरी पुढे सरकलेला, चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला. मध्ये मोठी मोकळी पट्टी राहिली. एरवी अशा वेळी बचावफळी ऑफसाइडच्या भरवशावर पुढे थांबू शकते, पण गोलकिकवर तो भरवसा नसतो. क्लोझे त्या पट्टीत धावला. अपसन मागून बिलगलेला. इथे क्लोझेने जे केलं ते प्रशिक्षणात दाखवण्यासारखं: त्याने आपलं अंग चेंडू आणि अपसनच्या मधे घातलं, धक्का सहन केला, चेंडूला एक टप्पा पडू दिला आणि घसरत पुढचा पाय लांबवून तो डेव्हिड जेम्सच्या बाजूने जाळ्यात ढकलला. पाय पूर्ण फिरवून फटका मारायला वेळ नव्हता. पायाचं टोक पुरलं.

नॉयरच्या पायापासून जाळ्यापर्यंत मध्ये एकाही जर्मन खेळाडूचा स्पर्श नाही, फक्त क्लोझेचा. इंग्लंडच्या बाजूने पाहिलं तर ही शाळेतल्या मुलांनाही शिकवतात ती चूक: समोरून लांब किक येत असताना एकाने चेंडूसाठी जायचं आणि दुसऱ्याने मागे सरकून पाठ राखायची.

या नियमाचा आणखी एक उपयोग क्लोझे सतत करायचा. चेंडूच्या मागे असलेला खेळाडू कधीच ऑफसाइड नसतो. साथीदार बाजूने गोलरेषेपर्यंत पोहोचला आणि त्याने चेंडू आडवा किंवा थोडा मागे दिला, तर आत उभ्या असलेल्या स्ट्रायकरला बचावपटूंची रेषा बघायची गरज उरत नाही. चेंडूच्या पुढे जायचं नाही, एवढंच. २०१०च्या उपांत्यपूर्व सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध साथीदार पोडोल्स्कीने असाच आडवा चेंडू दिला आणि क्लोझेने तो मोकळ्या गोलात सरकवला. त्याच सामन्यात ८९व्या मिनिटाला ओझिलच्या क्रॉसवर दुसरा. तो क्लोझेचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता.

उसळलेला चेंडू

पहिल्या परिच्छेदातल्या गोलकडे परत येऊ. अडवलेला चेंडू पुन्हा जाळ्यात घालणं हे क्लोझेचं जुनं काम. ९ जून २००६ला, आपल्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, म्युनिकमधल्या विश्वचषकाच्या सलामीच्या सामन्यात कोस्टारिकाविरुद्ध त्याचा दुसरा गोल असाच: हेडर गोलकीपरने अडवला, परतलेला चेंडू त्याने लगेच आत मारला.

बहुतेक खेळाडू फटका मारल्यावर अर्धा सेकंद थांबून पाहतात. हे अगदी माणसाच्या स्वभावातलं आहे. तो अर्धा सेकंदच महाग पडतो. गोलकीपरने अडवलेला चेंडू साधारणपणे त्याच्या समोर किंवा बाजूला, गोलपासून पाच-सहा मीटरच्या पट्ट्यात पडतो. गोलकीपर जमिनीवर असतो आणि त्याला उठायला एखादा सेकंद लागतो. बचावपटू गोलकडे तोंड करून धावत असतात, त्यांना वळावं लागतं. म्हणजे त्या एका सेकंदात सर्वात चांगल्या स्थितीत असतो तो फटका मारणाराच, जर तो थांबला नसेल तर. नियमही त्याच्या बाजूने असतो: स्वतःच्याच फटक्याचा उसळलेला चेंडू घेताना ऑफसाइडचा प्रश्न येत नाही. साथीदाराने फटका मारला तेव्हा तुम्ही ऑफसाइडच्या जागेत असाल आणि उसळलेला चेंडू तुम्ही घेतलात, तर मात्र शिटी वाजते. हे न कळल्यामुळे कितीतरी गोल वाया जातात.

आकडे, आणि त्यांच्यामागचं

जर्मनीसाठी १३७ सामने, ७१ गोल. ६ जून २०१४ला माइन्झमध्ये आर्मेनियाविरुद्ध ६९वा गोल करून त्याने जुन्या पिढीतल्या गेर्ड म्युलरचा (सुरुवातीला आलेला थॉमस म्युलर वेगळा) विक्रम मागे टाकला. पण म्युलरचे ६८ गोल ६२ सामन्यांत आहेत. सामन्यामागे म्युलर १.१०, क्लोझे ०.५२. गोल करण्याच्या वेगात म्युलर त्याच्या दुप्पट होता आणि हे सांगायला लाजायचं कारण नाही. विश्वचषकातही तसंच: क्लोझेचे २४ सामन्यांत १६, रोनाल्डोचे १९ सामन्यांत १५, म्युलरचे १३ सामन्यांत १४, आणि फ्रान्सच्या ज्युस्त फोंतेनचे १९५८च्या एकाच स्पर्धेत, ६ सामन्यांत १३.

मग क्लोझेचा विक्रम कसला? टिकण्याचा. चार विश्वचषक: ५, ५, ४ आणि २ गोल. पहिला गोल चोविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, शेवटचा छत्तिसाव्या वर्षी. चारही वेळा जर्मनी उपांत्य फेरीत पोहोचली आणि चारही वेळा क्लोझे पदक घेऊन परतला: २००२ला रौप्य, २००६ आणि २०१०ला कांस्य, २०१४ला सुवर्ण. आता संघ प्रत्येक वेळी शेवटपर्यंत गेला म्हणून क्लोझेला सामने जास्त मिळाले, हे खरंच. मध्यम दर्जाच्या देशाच्या स्ट्रायकरला एका स्पर्धेत तीन सामने मिळतात. २००२ आणि २००६मध्ये क्लोझेला सात-सात मिळाले. एखाद्याचे विश्वचषकातले गोल मोजताना तो कोणत्या देशाकडून खेळला हे आधी पाहावं.

सोळा गोल आले अकरा सामन्यांत. उरलेल्या तेरा सामन्यांत त्याने गोल केला नाही. अकरा गोल साखळीत, पाच बाद फेरीत. त्या पाचांत तीन अर्जेंटिनाविरुद्ध, एक इंग्लंड, एक ब्राझील. ‘दुबळ्यांविरुद्ध गोल करणारा’ हा आरोप २००२ नंतर करता येत होता; २०१०नंतर तो टिकत नाही. २००६चा अर्जेंटिनाविरुद्धचा गोल तर माझ्या मते त्याचा सर्वात मोलाचा. जर्मनी ०-१ अशी मागे, ८०वं मिनिट. डावीकडून बलाकचा क्रॉस, बोरोव्स्कीने डोक्याने चेंडू पुढे सरकवला आणि क्लोझेने झेपावत हेडर मारला. सहा मिनिटांनी त्याला बाहेर बोलावलं गेलं. सामना पेनल्टी शूटआऊटमध्ये ४-२ असा सुटला. त्या स्पर्धेत पाच गोलांसह सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट पुरस्कारही त्यालाच.

आणखी एक आकडा नेहमी ऐकू येतो: क्लोझेने गोल केलेला एकही सामना जर्मनी हरली नाही. खरं आहे. पण कार्यकारण उलटं लावू नये. संघ वरचढ असतो तेव्हाच स्ट्रायकरला बॉक्समध्ये चेंडू मिळतो, गोलही तेव्हाच होतात. बॉक्सबाहेरून गोल न करणाऱ्या खेळाडूच्या बाबतीत तर हे अधिकच लागू पडतं.

क्लबमध्ये तीन गोल, विश्वचषकात चार

क्लोझेच्या कारकिर्दीतलं खरं कोडं हे आहे. वेर्डर ब्रेमेन क्लबला तो २००४ ते २००७ होता आणि तोच क्लबमधला त्याचा सर्वोत्तम काळ. २००५-०६च्या मोसमात बुंडेसलीगात सर्वाधिक, २५ गोल. ब्रेमेनची रचना त्याच्यासाठी शिवल्यासारखी होती: दोन स्ट्रायकर, मागे योहान मिकूसारखा पास देणारा, त्यामुळे क्लोझेला खाली येऊन चेंडू घेण्याची आणि मग आत धावण्याची मोकळीक होती.

२००७ला तो बायर्न म्युनिकमध्ये गेला. सुरुवात बरी झाली, पण हळूहळू जागा आकसत गेली. लुका टोनी, मग मारिओ गोमेझ, इविका ओलिच, थॉमस म्युलर. एका जागेसाठी रांग. २००९-१०च्या बुंडेसलीगात क्लोझेचे २५ सामन्यांत ३ गोल. जर्मनीत सगळीकडे एकच प्रश्न: याला दक्षिण आफ्रिकेला कशाला न्यायचं? राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक योआखिम ल्योव यांनी नेलं आणि त्याने पाच सामन्यांत चार गोल केले. पुढच्या मोसमात बायर्नसाठी लीगमध्ये २० सामन्यांत १ गोल. राष्ट्रीय संघात गोल चालूच.

असं का व्हावं? एक, त्या २५ सामन्यांतले बरेचसे शेवटच्या अर्ध्या तासाचे. बदली म्हणून उतरलेल्या स्ट्रायकरला खेळाची लय सापडेपर्यंत सामना संपतो. सामन्यांपेक्षा मिनिटं मोजली तर चित्र बदलतं. दोन, राष्ट्रीय संघाला सरावासाठी वर्षभरात थोडेच दिवस मिळतात, त्यामुळे ज्याला भूमिका आधीच पाठ आहे त्याची किंमत वाढते. पोडोल्स्की, श्वाइनस्टायगर, लाम यांच्याबरोबर क्लोझे २००४ पासून खेळत होता. कोणाचा क्रॉस कधी आणि कुठे येणार हे त्याला नव्याने शिकायचं नव्हतं. तीन, ल्योवचा संघ चेंडू जिंकल्यावर झपाट्याने पुढे जायचा. अशा खेळात पहिली धाव काढून दोन बचावपटूंना मागे ओढणारा माणूस लागतो, आणि त्या ओढाताणीत रिकामी झालेली जागा थॉमस म्युलर आणि ओझिल वापरतात. त्या धावेची नोंद आकड्यांत कुठेच होत नाही.

सगळंच सुरळीत झालं असंही नाही. त्याच २०१०च्या स्पर्धेत सर्बियाविरुद्ध ३७व्या मिनिटाला दुसरं पिवळं कार्ड मिळून तो बाहेर गेला, जर्मनी ०-१ अशी हरली आणि घानाविरुद्धचा पुढचा सामना त्याला खेळता आला नाही. तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत पाठीच्या दुखण्याने बसावं लागलं. तेव्हा त्याचे चौदा गोल झाले होते. आणखी एकाने रोनाल्डोशी बरोबरी झाली असती. पुढची संधी यायला चार वर्षं लागणार होती आणि तो बत्तीस वर्षांचा होता.

त्या चार वर्षांसाठी त्याने २०११ मध्ये रोमचा लाझिओ क्लब निवडला. मोठ्या क्लबच्या बाकावर बसण्यापेक्षा नियमित खेळणं, हा साधा हिशोब. ऑक्टोबर २०११ला रोमाविरुद्ध, शहरातल्या दोन क्लबांच्या लढतीत, भरपाईच्या वेळेत विजयी गोल. ५ मे २०१३ला बोलोन्याविरुद्ध एकाच सामन्यात पाच गोल, वय चौतीस. त्याच मोसमात इटालियन चषक.

२०१४च्या संघात तो एकमेव खराखुरा स्ट्रायकर होता. पहिल्या सामन्यात उतरलाच नाही. घानाविरुद्ध जर्मनी १-२ अशी मागे असताना ६९व्या मिनिटाला आला आणि दोन मिनिटांत कॉर्नरवरच्या चेंडूला लांबच्या खांबापाशी पाय लावून पंधरावा गोल केला. आनंदाने नेहमीची हवेतली कोलांटउडी मारली, पण उतरताना तोल गेला. उपांत्यपूर्व सामन्यापासून मात्र तो सुरुवातीपासून खेळला. अंतिम सामन्यात ८८व्या मिनिटाला त्याला बाहेर काढून मारिओ ग्योट्झेला पाठवलं. ११३व्या मिनिटाचा विजयी गोल ग्योट्झेचा. ११ ऑगस्टला क्लोझेने आंतरराष्ट्रीय निवृत्ती जाहीर केली. २०१६ मध्ये खेळणंच थांबवलं आणि प्रशिक्षणाकडे वळला: आधी जर्मन संघाच्या प्रशिक्षकांत, मग बायर्नची मुलं, ऑस्ट्रियातला आल्टाख, २०२४ पासून न्यूर्नबर्ग.

त्याच्या प्रामाणिकपणाचे दोन प्रसंग राहिले. २००५ मध्ये बीलेफेल्डविरुद्ध पंचांनी ब्रेमेनला पेनल्टी दिली, तेव्हा क्लोझेनेच सांगितलं की गोलकीपरने आधी चेंडूला हात लावला होता. पेनल्टी रद्द झाली. सप्टेंबर २०१२ मध्ये नापोलीविरुद्ध चेंडू त्याच्या हाताला लागून गोल झाला, पंचांनी तो दिलाही. क्लोझेने हाताला लागल्याचं कबूल केलं, गोल रद्द झाला आणि लाझिओ ०-३ अशी हरली.

त्याच्या गोलांच्या चित्रफिती पाहायच्या असतील तर एक युक्ती. पहिल्यांदा नेहमीसारखं पाहा. दुसऱ्यांदा पाहताना चेंडू हाताने झाका आणि फक्त ११ नंबरच्या शर्टावर नजर ठेवा. गोलच्या आधीचे तीन सेकंद पुरतात. शक्यतो गोलच्या मागच्या कॅमेऱ्यातून घेतलेलं दृश्य निवडा. बाजूच्या कॅमेऱ्यात बचावपटूच्या पाठीमागे सरकणारी ती दोन पावलं दिसत नाहीत.